वीस फुटांवरची कुजबुज

सव्वीस वर्षं मी पगार घेऊन कुजबुजत आलो. हे सांगितलं की लोक हसतात. आपल्या अंकाचे संपादकही हसले आणि म्हणाले, यावरच लिहा, जरा हलकंफुलकं. मी हो म्हणालो. लिहायला बसल्यावर ते हलकं राहिलं नाही, त्याला माझा इलाज नाही.

मी हैदराबादेतल्या एका लष्करी इस्पितळात श्रवण-तंत्रज्ञ आहे. स्वतः फौजी नाही, सिव्हिलियन. आमच्या घरात कुणीच फौजेत नव्हतं. आजोबा जुन्या संस्थानात तहसिलीत कारकून, वडील मलकपेठला शिक्षक. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा आईनं पहिली काळजी केली ती बंदुकीची. तिला सांगितलं की मला फक्त लोकांच्या पाठीमागे उभं राहून हळू बोलायचं आहे. ती म्हणाली, ते तर आपल्या नात्यातले सगळेच करतात.

काम खरोखर तेच आहे. फौजेत कान तपासायची एक जुनी पद्धत आहे. जवान भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि एका कानात बोट घालतो. मी त्याच्या मागे वीस फुटांवर उभा राहतो, फौजेच्या मापात सहाशे दहा सेंटिमीटर. नेहमीसारखा श्वास सोडतो आणि छातीत जी उरलीसुरली हवा असते तेवढ्यात एक शब्द कुजबुजतो. छाती भरून कुजबुजलं तर आवाज मोठा होतो, म्हणून हा खटाटोप. जवानानं तो शब्द मोठ्यानं परत म्हणायचा. म्हणाला, तर वहीत सहाशे दहा लिहायचं. नाही म्हणाला, तर मी एक पाऊल पुढे जातो, दुसरा शब्द कुजबुजतो, मग आणखी एक पाऊल. जिथं त्याला ऐकू येतं ते अंतर त्याच्या नावासमोर पडतं. इस्पितळात मशीन आहे, आवाजबंद खोली आहे. पण मशीन कुठंही नेता येत नाही. कुजबुज नेता येते.

बाहेरच्या जगात माणसं बहिरेपणाचं सोंग करतात, फौजेत ऐकू येण्याचं. बहिऱ्याचं सोंग करणारा मला इतक्या वर्षांत एकच भेटला, एक स्वयंपाकी. त्याला घरी जायचं होतं. कितीही जवळ गेलो तरी तो भिंतीकडे बघत गप्प. शेवटी मी पुन्हा वीस फुटांवर गेलो आणि कुजबुजलो, "छुट्टी मंजूर हो गयी." तो गर्रकन वळला. मग आम्ही दोघंही हसलो, आणि मी त्याच्या रजेसाठी खरंच शब्द टाकला.

बाकी सगळे उलटे. कान गेला की वैद्यकीय श्रेणी खाली येते. श्रेणी खाली आली की माणूस तोफेवरून स्टोअरमध्ये जातो आणि बढती अडते. त्यामुळे तोफखान्याचा जवान कानात सतत शिट्टी वाजत असतानाही छातीठोकपणे सांगतो की सगळं ठीक आहे. तोफेचा आवाज कानाला एकदाच धक्का देऊन थांबत नाही. आतली नाजूक केसासारखी टोकं थोडी थोडी मरत जातात, आणि मेलेली परत उगवत नाहीत. वेळेवर त्या आवाजापासून दूर केलं तर उरलेली वाचतात. आमच्या सगळ्या विद्येचं सार एवढंच: वेळेवर.

दहा-अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक अभ्यास सुरू झाला. तोफेवरच्या जवानांसाठी नव्या प्रकारची कानबोळी, म्हणजे आवाज अडवायला कानात घालायची बोळी, आली होती. निम्म्यांना नवी, निम्म्यांना जुनी, आणि काही वर्षं कान तपासत राहायचं. सुरुवातीला आणि शेवटी मशीनवर, मधल्या वर्षांत युनिटमध्ये जाऊन कुजबुजीनं. अभ्यासाच्या प्रमुख होत्या आमच्या कर्नल मॅडम, कान-नाक-घशाच्या डॉक्टर. घरची भाषा तेलुगू, कामाची इंग्रजी, रागाची हिंदी. त्यांचं म्हणणं, शब्द ज्याच्या त्याच्या भाषेतले हवेत, नाहीतर आपण कान नाही, हिंदी तपासतो. इतर भाषांच्या याद्या होत्या, मराठीची नव्हती. ती मी करावी असं ठरलं.

ती यादी आम्ही मलकपेठच्या आमच्या हॉलमध्ये केली. माझी बायको सुधा स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी, मी खिडकीपाशी. दोन अक्षरी, रोजचे, गावातल्या माणसाला कळणारे शब्द. जे तिला नीट ऐकू आले ते ठेवले. तवा, दोरी, माती, विळा, गहू, चुना, पायी, मका. असे पंचवीस. मला त्या यादीचा फार अभिमान होता. हैदराबादेत वाढलेल्या माणसाची मराठी म्हणजे पुण्याकडचे पाहुणे गालात हसतात. आणि इथं साताऱ्या-सांगलीकडचे जवान माझे शब्द ऐकून खूश व्हायचे. पहिल्या वर्षापासूनच ते मला मास्तर म्हणू लागले. दोन वेळा त्यांनी मला जेवायला बसवलं.

मॅडमनी सांगितलं होतं, तीन याद्या कर, आणि दर खेपेला क्रम बदल. नियमच आहे तो, आणि मी तो शिकाऊ मुलांना स्वतः शिकवतो. मी एक यादी केली. उरलेल्या दोन पुढच्या आठवड्यात करणार होतो. तो पुढचा आठवडा तीन वर्षं आला नाही. क्रमही बदलला नाही, कारण यादी मला तोंडपाठ होती आणि कागद न बघता कुजबुजण्यात एक ऐट होती. हे मी एवढ्या सविस्तर लिहितोय, कारण पुढचं सगळं या ऐटीतून आलं.

तिसऱ्या वर्षाची तपासणी होती. युनिटमधला लांब हॉल, उन्हाळा, पंखे मुद्दाम बंद केलेले. हवालदार सर्जेराव माने भिंतीकडे तोंड करून उभे होते. सांगलीकडचे, चाळिशीच्या आतले, तोफेवर सतरा वर्षं. पहिले चार शब्द त्यांनी खणखणीत परत म्हटले. एवढ्यात दारात कारकून आला, त्याला गाडीच्या कागदावर माझी सही हवी होती. मी खुणेनं त्याला थांब म्हटलं, दोन पावलं मागे जाऊन कागद घेतला आणि सही करू लागलो.

मागून आवाज आला, "गहू."

मी वळलो. माने भिंतीकडेच बघत होते. दोन श्वासांचा वेळ गेला.

"चुना."

मी काहीच बोललो नव्हतो. हातात पेन तसंच. पुन्हा दोन श्वास, आणि "पायी." मग "मका." ते ज्या अंतरानं बोलत होते ते माझंच अंतर होतं: श्वास घ्यायचा, सोडायचा, उरलेल्या हवेत शब्द. माझा श्वासही त्यांनी पाठ केला होता. कारकुनाला मराठी येत नव्हती. तो कागद घेऊन निघून गेला. मी तिथंच उभा राहिलो आणि रिकाम्या हॉलमध्ये त्या पाठमोऱ्या माणसाकडून माझी यादी शेवटपर्यंत ऐकली. एकही शब्द चुकला नाही.

यादी संपल्यावर ते वळले, माझा चेहरा पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं. नाकारलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत बोलू लागले. आता बघायचं कारण मला माहीत होतं. त्यांच्याकडून कळलं ते असं, की तुकडीत नवा मराठी जवान आला की कुणीतरी जुना त्याला माझी यादी शिकवतो. तिला ते मास्तरांचा पाढा म्हणतात. ज्यांचे कान चांगले आहेत तेही पाठ करतात, असू द्यावा म्हणून.

मी विचारलं, तुम्हाला खरं किती ऐकू येतं? ते म्हणाले, उजव्या कानात चहाचं आधण ठेवल्यासारखं होतं, डाव्यात माणूस जवळ असला तर थोडं ऐकू येतं. बायको फोनवर रडते, की तुम्ही माझं ऐकत नाही. ती दुसऱ्या अर्थानं म्हणते, असं म्हणून ते थोडं हसले.

मग ते मुद्द्यावर आले. नायब सुभेदारीच्या बढतीचं बोर्ड दोन महिन्यांवर होतं. वार्षिक तपासणीत डॉक्टर माझ्याच वहीतला आकडा उतरवून घेत, हे त्यांना ठाऊक होतं.

"दोन म्हयनं द्या, मास्तर," ते म्हणाले. "खांद्यावर तारा लागू द्या. मग मी सोताच्या पायानं येतो, काय लिवायचं ते लिवा."

"मध्ये फायरिंग कॅम्प आहे तुमचा."

"सतरा वर्षं तोफेवर हाय मी. हुकूम कानानं ऐकत न्हाई आता, अंगानं ऐकतो."

मी त्यांना नाही म्हणू शकलो असतो. त्या क्षणी मला मानेंची दया आली हे खरं आहे, पण अर्धंच खरं. त्यांना पकडलं तर पहिला प्रश्न येणार होता, शब्द पाठ कसे झाले? याद्या किती होत्या? मी वही उघडली आणि उजवा सहाशे दहा, डावा सहाशे दहा असं लिहिलं. खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

कॅम्प सहा आठवड्यांचा होता. ते सहा आठवडे मी कसे काढले ते सांगतो, कारण तेव्हापासून माझा स्वभावच बदलला असं सुधा म्हणते. तोफेवर सगळं आवाजावर चालतं. भरा, मारा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, थांबा. एखादा माणूस पुढे आला, दारू ओली निघाली, काही बिघडलं, की 'थांबा' असा एक शब्द जातो. तो माने यांच्यापर्यंत पोचला नाही तर? मी डोळ्यांपुढे ते इतक्या वेळा पाहिलं की मला तोफेवरच्या सहाही माणसांचे चेहरे दिसू लागले. त्यातले निम्मे मला जेवायला बसवणारे होते.

आमचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर गौसभाई आठवड्यातून दोनदा रेंजवर जाऊन यायचा. तो आला की मी काही ना काही निमित्तानं गाडीपाशी. कुणी लागलं का, कुणाला आणलं का. एकदा तो म्हणाला, "क्या साब, रोज पूछ्रे? कौन है तुम्हारा उधर?"

"कोई नहीं," मी म्हणालो.

"तो फिर इत्ता कायकू सुख्रे?" मी सुकत चाललोय हे त्यालाही दिसत होतं.

पुतण्याच्या लग्नाची खरेदी त्याच दिवसांत होती. सुलतान बाजारात सुधा साड्या उलगडून बघत होती आणि बाहेर एका टेम्पोचं टायर फुटलं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो तो मला उठवेना. दुकानदारानं पाणी दिलं. सुधाला सांगितलं, बी.पी. असेल. दुसऱ्या दिवशी तिनं तपासायला नेलं. नॉर्मल निघालं.

कॅम्पमध्ये काहीही झालं नाही. सगळे धड परत आले. पुढे माने यांच्या खांद्यावर तारा लागला. पेढे घेऊन ते माझ्याकडे आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. कानाचं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. पंधरा दिवसांनी कळलं की त्यांची बदली झाली, दूर, सरहद्दीकडे. मला हलकं वाटलं, हे कबूल करायला हवं. जणू ते कान आता दुसऱ्या कुणाची जबाबदारी होते.

त्यानंतर महिन्याभरात कर्नल मॅडमनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर आलेख पसरले होते आणि त्या खुशीत होत्या. नवी बोळी जास्त करून मराठी जवानांच्याच वाट्याला आली होती, आणि त्यांचे कान बाकी सगळ्यांपेक्षा चांगले राहिले होते. तुमचे लोक खातात तरी काय, असं त्यांनी मला विचारलं. दिल्लीला एका बैठकीत त्या हे मांडणार होत्या. तिथं पटलं तर नवी बोळी सगळीकडे जाणार होती, सगळ्या तोफांवरच्या सगळ्या कानांत.

मी तो आलेख बघत होतो. ती वरची रेघ माझी यादी होती.

बोलायला मला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी गेलो आणि अर्धंच बोललो. म्हणालो, मॅडम, मराठीची यादी एकच होती, जुनी झाली आहे, पोरांनी पाठ केली असावी.

त्यांनी टेबलावरचे आलेख गोळा केले. मग हिंदीतच विचारलं, "कब से मालूम है?"

"आज शक हुआ," मी म्हणालो.

त्यांनी ते मानलं. बैठकीतलं नाव मागे घेतलं. सगळ्या मराठी जवानांना इस्पितळात आणून मशीनवर तपासलं, माझ्याशिवाय, दुसऱ्या तंत्रज्ञाकडून. कितीतरी कान उतरलेले निघाले, नव्या बोळ्यांचेही आणि जुन्यांचेही. अनेक जण तोफेवरून हटले. व्हरांड्यात बाकावर बसलेल्या त्या माणसांसमोरून मला रोज जावं लागे. मास्तर म्हणणं बंद झालं. एकजण मी जवळून जाताना शांतपणे म्हणाला, "तवा, दोरी, माती." बाकीचे हसले नाहीत.

अहवालात मॅडमनी लिहिलं की याद्या तपासणं ही प्रमुख म्हणून त्यांची जबाबदारी होती आणि त्यात कसूर झाली. माझं नाव कुठंच नव्हतं. पुढची बढती त्यांना मिळाली नाही. या दोन्हींचा संबंध होता की नाही मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आणि माने? फेरतपासणीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, बदली झाली होती ना. त्यांच्या नव्या ठाण्याच्या डॉक्टरला मी एक ओळ लिहू शकलो असतो: यांचे कान मशीनवर तपासा. पत्ता माझ्याकडे होता. पण तपासलं असतं तर कुणीतरी मागचा आकडा काढला असता. सहाशे दहा, सहाशे दहा, खाली माझी सुंदर सही. चार-पाच महिन्यांत दोन्ही कान इतके कसे गेले, असं विचारलं असतं. मी ती ओळ लिहिली नाही. ते आणखी पाच वर्षं तोफांजवळ राहिले.

यंदा मार्चमध्ये ते आले. निवृत्त होऊन इथंच एका सोसायटीत सुरक्षेच्या कामावर लागलेत. दोन्ही कानांना यंत्रं बसवून घ्यायला आले होते, आणि ते काम माझंच आहे. मला बघून त्यांना झालेला आनंद खरा होता. मी कागदावर लिहून विचारलं, कसं आहे? ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगू लागले. पोरीचं लग्न झालं, सुभेदाराची पोरगी म्हणून चांगलं स्थळ आलं, ती तुमची कृपा. आणि कानातली शिट्टी फारच वाढली की मी आपली यादी म्हणतो मनात. तुमच्या आवाजात. तेवढाच एक आवाज अजून साफ आठवतो.

मी यंत्रं बसवली. बसवल्यावर फरक बघायला पुन्हा तीच जुनी चाचणी घ्यायची असते. ते आपणहून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी वीस फुटांवर गेलो. श्वास सोडला. आता माझ्याकडे मराठीच्या सहा याद्या आहेत. त्यातला कुठलाच शब्द तोंडात आला नाही.

"माझं चुकलं," मी कुजबुजलो.

ते गप्प. मी एक पाऊल पुढे गेलो. नियमाप्रमाणे शब्द बदलायला हवा होता. मी तेच म्हणालो. आणखी एक पाऊल. पुन्हा तेच. खोली संपत आली, त्यांच्या मानेवरचा घाम दिसू लागला, तरी ते भिंतीकडे बघत स्थिर. हाताच्या अंतरावर पोचलो तेव्हा त्यांनी मान किंचित हलवली आणि परेडवर म्हणतात तशा खड्या आवाजात म्हटलं:

"माझं चुकलं."

मग ते वळले. "मास्तर," ते म्हणाले, "हे यादीत नव्हतं."

"नव्हतं."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांना दिसेल असं तोंड ठेवून सगळं सांगितलं. ती न लिहिलेली ओळसुद्धा. शेवटी ते म्हणाले की तारा त्यांनीच मागितला होता. मग थोडं थांबून म्हणाले, पण एक ओळ लिवायची होती. यंत्रांची डबी खिशात टाकून ते गेले. पुढच्या तपासणीला आले नाहीत, एकदा जावयाला पाठवून बॅटऱ्या नेल्या.

वहीत मी त्यांच्या नावासमोर साठ सेंटिमीटर लिहिलं.

हे सगळं लिहून झाल्यावर सुधाला वाचायला दिलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. वाचून तिनं कागद नीट जुळवून ठेवले आणि म्हणाली, "उरलेल्या दोन याद्या त्याच दिवशी झाल्या असत्या. मी तर दारातच उभी होते. तुम्ही म्हणालाच नाहीत."

कर्नल मॅडम निवृत्त होऊन तारनाक्याला राहतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, आणि मी हे मराठीत लिहायला धजलो त्याचं एक कारण तेही असावं, असं वाचताना माझ्याच लक्षात आलं. काल त्यांना फोन केला. रविवारी अकराला या म्हणाल्या. कशासाठी, असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, एक जुना आकडा दुरुस्त करायचा आहे. कुठला, ते त्यांनी फोनवर विचारलं नाही.

आज शुक्रवार आहे. लेख पिशवीत भरून ठेवलाय. समोर बसून एकेक वाक्य हिंदीत करून सांगावं लागेल, आणि 'आज शक हुआ' या वाक्याशी आलो की त्या माझ्याकडे बघतील. तिथं काय म्हणायचं ते मी कालपासून मनात घोळवतोय. अजून पाठ होत नाही.